टिम हॉर्टन नावाचा माणूस

भाची सप्टेंबरात इकडे कॅनडात शिकायला आली आणि दिवाळीच्या आत तिला कॉफीच्या दुकानात काम लागलं. त्या रविवारी ती आमच्याकडे जेवायला होती. जेवणं आटोपल्यावर तिने फोन ओट्यावरच्या साखरेच्या डब्याला टेकवला आणि साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. "आई, टिम हॉर्टन्समध्ये लागले मी." ताईने पगार विचारला नाही, कामाच्या वेळा विचारल्या नाहीत. ती म्हणाली, "मालक चांगले आहेत ना गं? स्वतः असतात का दुकानात?" भाची ताटं विसळत होती. मान न वळवताच म्हणाली, "ते वारले गं, कधीच." ताईचा चेहरा पडला. "अगं बाई! कशाने?" भाचीला ठाऊक नव्हतं. मग बोलणं थंडीच्या जाकिटावर गेलं, तिथून मेथीच्या लाडवांवर, आणि फोन बंद झाला.

ताईचा तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. या देशात रोज लाखो लोक ते नाव हातात धरून कामावर जातात. लाल कप, वरचं झाकण, त्यातून येणारी वाफ. आता तर मुंबईतही शाखा आहेत. पण त्या नावाची माणूस म्हणून चौकशी करणारी, तो गेल्याचं ऐकून हळहळणारी ताई मला पहिलीच भेटली. उत्तर मला माहीत होतं. तरी त्या दुपारी, भाचीच्या नव्या नोकरीचा आनंद चालू असताना, ते तोंडावर आणावंसं वाटलं नाही. शिवाय तो कशाने गेला हे सांगायचं, तर तो कसा जगला तेही सांगावं लागतं. ते दोन वाक्यांत होत नाही.

टोरंटोत कार्लटन स्ट्रीटवर पिवळट विटांची एक अवाढव्य इमारत आहे. तळमजल्यावर हल्ली किराणा-भाजीचं मोठं दुकान आहे आणि मी अधूनमधून तिथे जाते. पंचविसाव्या ओळीत, डबाबंद मालाच्या फडताळांजवळ, फरशीवर एक लाल ठिपका रंगवलेला आहे. माणसं त्यावरून ढकलगाड्या नेतात. १९३१ ते १९९९ या काळात ही इमारत म्हणजे मेपल लीफ गार्डन्स होती, टोरंटोच्या मेपल लीफ्स या बर्फावरच्या हॉकीच्या संघाचं मैदान, आणि तो ठिपका म्हणजे तिथल्या बर्फाचा मधोमध. मी त्या ठिपक्याजवळ थांबते तेव्हा माझी नजर मधे राहत नाही, बाजूला जाते. मधे खेळ सुरू होतो, गोल दोन टोकांना होतात. टिम हॉर्टन या संघाचा बचावपटू. त्याची जागा यांच्या मधली होती, आपल्या गोलापुढच्या निळ्या रेघेच्या आसपासची. पाठीवर ७ नंबर घालून तो तिथे जवळजवळ वीस हंगाम उभा होता. समोरून जीव तोडून येणाऱ्या माणसाला थांबवायचं, कडेच्या फळीवर दाबायचं, पक काढून घ्यायचा आणि पुढच्याला द्यायचा. पुन्हा मागे यायचं. पुन्हा तेच.

पक म्हणजे इंचभर जाडीची, तीन इंच व्यासाची टणक रबराची चकती. वजन साधारण १७० ग्रॅम. सामन्याआधी ती गोठवतात, म्हणजे बर्फावर उसळत नाही. जवळून मारलेली ती चकती फळीवर आदळते तेव्हा जो आवाज होतो, तो टीव्हीवर कळत नाही. मी पहिल्यांदा रिंकवर काचेशेजारी बसले होते आणि तो आवाज छातीत बसला होता. टिम खेळायचा त्या काळात खेळाडूंच्या डोक्यावर शिरस्त्राण नसायचं. १९५९ पर्यंत गोलरक्षकही उघड्या चेहऱ्याने उभे राहायचे. हंगाम ७० सामन्यांचा, संघ फक्त सहा, म्हणजे तीच तीच माणसं वर्षभर पुन्हा पुन्हा अंगावर यायची आणि जुने हिशेब कोणी विसरत नसे.

माझे थोरले काका मिलच्या संघातून कबड्डी खेळायचे. डावा कोपरा. लालबागच्या त्यांच्या खोलीत कायम निलगिरीच्या तेलाचा आणि आयोडेक्सचा वास असायचा, आणि दाराच्या मागच्या खिळ्यावर धुऊन वाळत घातलेली क्रेप बँडेजची लांब पट्टी. मोठी माणसं जुने सामने आठवायची ती चढाई करणाऱ्यांच्या नावाने. अमक्याने बोनस कसा घेतला, तमका चौघांमधून कसा निसटला. काका बसून ऐकायचे, हसायचे. घोटा धरून अख्खा गडी खाली बसवणारा कोपरा कोणाच्या आठवणीत नसायचा. मला त्या वयात त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. काकांचा उजवा गुडघा जिना चढताना वाजायचा, तो आम्हाला त्यांच्या येण्याची खूण म्हणून ठाऊक होता. बर्फावरच्या या अनोळखी माणसाविषयी वाचताना मला सारखा तो गुडघा ऐकू येत राहिला.

टिमचं खरं नाव माइल्स गिल्बर्ट. ते वडिलांनी ठेवलेलं. आई मात्र टिमच म्हणायची आणि आईचं नाव टिकलं. जन्म १९३० चा, ऑन्टारिओच्या पार उत्तरेतल्या कॉक्रेन गावचा. वडील रेल्वेत. पुढे घर सडबरीला आलं. तिथून टोरंटोच्या सेंट मायकल्सच्या संघात, मग तीन वर्षं पिट्सबर्गला दुय्यम लीगमध्ये, आणि १९५२ पासून मेपल लीफ्समध्ये पक्की जागा. अंगात विलक्षण ताकद. डेट्रॉइटच्या गॉर्डी हाउसारखा दांडगा खेळाडू, जो स्वतः कोणाला भीत नसे, तो हॉर्टनला हॉकीतला सगळ्यात ताकदवान खेळाडू म्हणायचा. आणि ही ताकद तो वापरायचा कशी, तर मारामारी जुंपली की ठोसे मारण्याऐवजी समोरच्याला सरळ कवेत घ्यायचा आणि आवळायचा. फासळ्या कडकडेपर्यंत. त्याचा जोर जिरला की सोडून द्यायचा. मैदानाबाहेर डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, बोलणं बेताचं. मला हे त्याचं कवेत घेणं फार आवडतं. ज्या खेळात रागाला टाळ्या पडतात, तिथे एवढ्या ताकदीच्या माणसाने राग दुसऱ्याच्या अंगातून पिळून काढायचं काम पत्करलं होतं.

मग १२ मार्च १९५५. न्यूयॉर्क रेंजर्सचा बिल गॅड्सबी त्याच्यावर आदळला. पाय मोडला, जबडाही मोडला.

पंचवीस वर्षांचा होता तो तेव्हा. पुढचा निम्मा हंगाम हातचा गेला. तो पुन्हा खेळेल की नाही याची लोकांना शंका होती. यात एक गोष्ट आज पटकन लक्षात येत नाही. तेव्हाचे हॉकीपटू श्रीमंत नव्हते. उन्हाळा आला की ते इतर माणसांसारखे कामाला जायचे. मेपल लीफ्सचे सर्वेसर्वा कॉन स्माइथ यांचा वाळू-खडीचा धंदा होता आणि टिम उन्हाळ्यात तिथे राबायचा. घरी बायको लोरी आणि मुली. चार मुली झाल्या त्याला. मोडलेला पाय समोर ठेवून पलंगावर पडलेला माणूस काय विचार करत असेल, हे समजायला हॉकी कळायची गरज नाही. शरीरच भांडवल, आणि ते एका धक्क्यात संपू शकतं हे त्याने पाहिलं होतं. म्हणून तो धंद्याच्या मागे लागला. गाड्या विकून पाहिल्या, हॅम्बर्गरची उपाहारगृहं काढून पाहिली. बसलं नाही काही. शेवटी डोनट आणि कॉफी.

त्या दुकानाची तारीख मला फार बोलकी वाटते. १९६४ ची अंतिम फेरी, टोरंटो विरुद्ध डेट्रॉइट. २३ एप्रिलला सहाव्या सामन्यात टिमचा सोबती बॉब बॉन घोट्यावर पक बसून कोसळला. त्याला स्ट्रेचरवरून नेलं. घोटा बधिर करून, पट्टी आवळून तो परत आला आणि जादा वेळेत त्यानेच गोल मारला. तो फटका डेट्रॉइटच्या बचावपटूच्या स्टिकला लागून आत गेला, आणि तो बचावपटू होता बिल गॅड्सबी, टिमचा पाय मोडणारा तोच. दोन दिवसांनी टोरंटोने सातवा सामना ४-० ने जिंकून स्टॅन्ली कप घेतला. बॉनचा घोटा खरोखर मोडला होता. तरी तो सातवा सामनाही खेळला. आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ मेला, हॅमिल्टनच्या ऑटावा स्ट्रीटवर टिमच्या नावाचं पहिलं दुकान उघडलं. लागोपाठ तीन वर्षं जगातला सगळ्यात मोठा हॉकी चषक जिंकणाऱ्या संघाचा मुख्य बचावपटू डोनटच्या दुकानाची पाटी लावत होता, कारण चषकाने म्हातारपण निघत नाही. पुढच्या वर्षी रॉन जॉइस नावाचा हॅमिल्टनचा एक पोलीस ते दुकान चालवायला आला आणि मग भागीदार झाला. धंदा वाढला तो त्या दोघांच्या जोडीने.

बॉनची गोष्ट इथे सगळ्यांना तोंडपाठ आहे. ती सांगताना लोकांचे डोळे चमकतात. मीही ती सांगितली आहे, आणि सांगताना मलाही स्फुरण चढलं आहे. पण हल्ली ती सांगून झाली की मनात कुठेतरी टोचतं. घोटा बधिर करणारा डॉक्टर, "जातोस का?" म्हणून बघणारे प्रशिक्षक, वरच्या बाकांवरचे हजारो लोक, आणि साठ वर्षांनंतर ती गोष्ट चहाबरोबर सांगणारी मी, आम्ही सगळे त्या माणसाकडून एकच मागत होतो. त्याने दिलं. काकांनीही गुडघ्याला पट्टी बांधून एक अंतिम सामना खेळला होता आणि घरात तो अभिमानाने सांगितला जायचा. गुडघा मात्र काकांनाच घेऊन जिना चढायचा होता.

टिमने ११ फेब्रुवारी १९६१ पासून ४ फेब्रुवारी १९६८ पर्यंत मेपल लीफ्सचा एकही सामना चुकवला नाही. सलग ४८६. बचावपटूचा हा विक्रम ३९ वर्षं टिकला. २००७ मध्ये कोलोराडोच्या कार्लिस स्क्रास्तिन्श या लात्वियन बचावपटूने तो मोडला. पुढच्या फळीतला खेळाडू सलग खेळतो आणि बचावपटू सलग खेळतो यात फरक आहे. बचावपटूला फटक्याच्या वाटेत जायचंच असतं. सात वर्षांत टिमला एकदाही ताप आला नसेल, खांदा भरून आला नसेल, बरगडीत कळ आली नसेल, असं कसं होईल? तो फक्त आला. आजारपण त्याने नोंदवहीत जाऊ दिलं नाही. १९६२ च्या बाद फेरीत तर १२ सामन्यांत ३ गोल आणि १३ साहाय्य (म्हणजे ज्यांतून दुसऱ्याचा गोल झाला असे पास), बचावपटूंमध्ये तेव्हा कोणी न केलेली कामगिरी. पण त्याच्या कारकिर्दीतला मला सगळ्यात जवळचा क्षण असा आहे ज्यात आकड्यांत त्याच्या नावावर काहीच नाही.

२ मे १९६७, याच कार्लटन स्ट्रीटवर. मॉन्ट्रियलविरुद्धच्या अंतिम फेरीतला सहावा सामना, टोरंटो २-१ ने पुढे, आणि शेवटचं एक मिनिटही उरलेलं नाही. दोन संघांच्या एकेका खेळाडूमधे पक टाकून खेळ पुन्हा सुरू व्हायचा आहे, तोही टोरंटोच्या गोलाशेजारी. मॉन्ट्रियलने गोलरक्षक काढून सहावा आक्रमक आणलाय. समोर जाँ बेलिव्हो, त्या काळातला सगळ्यात देखणा आणि भारदस्त सेंटर, म्हणजे मधला आक्रमक. 'पंच' या टोपणनावाने ओळखले जाणारे प्रशिक्षक इमलाक यांनी बाकावरून जे पाच पाठवले त्यांच्यात एकट्या बॉब पुलफर्डचं वय जरा कमी. बाकी ॲलन स्टॅन्ली ४१ वर्षांचा, रेड केली ३९, टिम ३७, कर्णधार जॉर्ज आर्मस्ट्राँग ३६. थकलेले, झिजलेले, अनेक वर्षं एकमेकांच्या श्वासाने एकमेकांची जागा ओळखणारे. आणि बेलिव्होसमोर पकावर झुकायला इमलाकने सेंटरला पाठवलं नाही, स्टॅन्लीला पाठवलं. टिमचा बचावातला जोडीदार, पाय जड, चाळिशी पार केलेला. स्टॅन्लीने पक मागे ढकलला आणि बेलिव्होला अंगाने अडवलं. पक केलीकडे, केलीकडून पुलफर्डकडे, तिथून आर्मस्ट्राँगकडे, आणि आर्मस्ट्राँगने लांबून रिकाम्या गोलात मारला. ३-१. टोरंटोने त्यानंतर आजवर स्टॅन्ली कप जिंकलेला नाही. त्या गोलाच्या नोंदीत टिम नाही. पण इमलाकने त्या मिनिटाला ज्यांच्या हातात सगळं सोपवलं, त्यांच्यात तो होता. एखाद्या कामकऱ्याची याहून मोठी पावती मला सुचत नाही.

चार वेळा त्याचं नाव कपावर कोरलं गेलं. १९७० मध्ये क्लबने त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकलं. तिथून पिट्सबर्ग. आणि १९७२ मध्ये इमलाक, जे आता बफेलो सेबर्सचा कारभार पाहत होते, त्यांनी त्याला बोलावून घेतलं. वय बेचाळीस. दुकानं वाढत होती, पैशासाठी खेळायची सक्ती उरली नव्हती. लोरीला तो थांबायला हवा होता. पण इमलाकनी गळ घातली, पुढच्या हंगामासाठी एक पँतेरा ही झोकदार स्पोर्ट्स गाडी बोनस म्हणून दिली, आणि तो आणखी एक वर्ष राहिला.

२० फेब्रुवारी १९७४ ला बफेलोचा सामना टोरंटोत होता. सरावात जबड्यावर पक बसून तो सुजला होता. वेदनेवरच्या गोळ्या घेऊन टिम उतरला, दोन सत्रं खेळला, तिसऱ्यात त्याला बसावंच लागलं. संघ ४-२ ने हरला. तरी त्या रात्रीच्या तीन उत्कृष्ट खेळाडूंत त्याचं नाव घेतलं गेलं. ज्या शहरात तो तरुण होता, त्या शहराने त्याला शेवटचं पाहिलं ते असं. संघाच्या बसने न जाता तो स्वतःच्या गाडीने निघाला. वाटेत ओकव्हिलला कंपनीच्या कचेरीत थांबला, जॉइसशी बोलत बसला. पहाटे साडेचारच्या सुमारास सेंट कॅथरिन्सजवळ हमरस्त्यावर, प्रचंड वेगात, गाडीवरचा ताबा सुटला. सीटबेल्ट नव्हता. टिम चव्वेचाळीस वर्षांचा होता. शवविच्छेदनाचा अहवाल लोकांसमोर यायला २००५ उजाडलं. रक्तात दारू कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट होती, आणि जवळ थकवा पळवून लावणाऱ्या उत्तेजक गोळ्या सापडल्या होत्या.

तर ताई, कशाने, याचं हे उत्तर.

ते वाचल्यावर काही दिवस मला त्याचा राग आला होता. रस्त्यावर दुसरं कोणी असतं तर? पण ते सगळं एकत्र मांडल्यावर राग टिकत नाही, दुसरंच काहीतरी उरतं. सुजलेला जबडा, वेदनाशामक, थकवा घालवायला गोळी, ती उतरवायला दारू, आणि बोनस म्हणून मिळालेली ती गाडी. ज्या शरीराने सात वर्षं रजा घेतली नाही, ते शरीर कशाकशाच्या जोरावर चालवलं जात होतं, याची चौकशी त्याच्या हयातीत कोणी केली नाही. जोवर तो येऊन उभा राहत होता, तोवर कोणाला गरज वाटली नाही. त्याच्या मृत्यूच्या वेळी दुकानं चाळीसच्या आसपास होती. लोरीने वर्षभराने आपला वाटा जॉइसला दहा लाख डॉलरला विकला. पुढे धंदा देशभर पसरला तेव्हा ती कोर्टात गेली. १९९३ मध्ये निकाल तिच्या विरोधात लागला. तिचं आयुष्यही सोपं गेलं नाही.

हॅमिल्टनचं ते पहिलं दुकान आता नव्याने बांधलंय आणि वरच्या मजल्यावर छोटं संग्रहालय आहे. मी तिथे गेले होते. खाली कॉफीसाठी रांग होती, वर फारसं कोणी नव्हतं. बरं वाटलं की निदान त्याची जागा ठेवली आहे. पण मला त्याची खरी खूण बफेलोत सापडते. टोरंटोने त्याचा ७ नंबर कायमचा निवृत्त केला, पुन्हा कोणाच्या पाठीवर द्यायचा नाही असं ठरवलं, ते २०१६ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर बेचाळीस वर्षांनी. बफेलोने त्याचा २ नंबर १९९६ मध्येच निवृत्त केला होता. त्या शहरात तो दोन हंगामही पुरा खेळला नाही. कप नाही, विक्रम नाही, वय उताराचं. त्यांनी काय पाहिलं असेल? सेबर्सचा संघ तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा, पोरं विशीतली. त्यांच्यात जिम शोनफेल्ड नावाचा लाल केसांचा, अंगाने आडदांड, डोक्याने तापट बचावपटू नुकताच आला होता. टिमचं काम होतं त्याच्यासारख्यांच्या शेजारी उभं राहायचं. कधी पुढे जायचं, कधी निळ्या रेघेवर थांबायचं, फळीवर दाबताना वजन कुठे टाकायचं. हे सांगून येत नाही, रोज बाजूला उभं राहूनच येतं. त्याच्या पहिल्याच हंगामात, १९७३ मध्ये, सेबर्स पहिल्यांदा बाद फेरीत गेले. १९७५ मध्ये ते थेट अंतिम फेरीत होते. टिमला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. निळ्या रेघेवर शोनफेल्ड होता.